वेल्डा रकमनची बादली

वेल्डा रकमन सहसा चिडायची नाही. तिला शिसारी यायची. चिडलेलं माणूस दोन दिवसांनी निवळतं तरी. वेल्डाच्या मनातून कुणी उतरला की कायमचा उतरला. एका किराणावाल्याला तिने सडक्या कोबीची वरची पानं सोलून तो ताजा म्हणून मांडताना पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती त्या दुकानाची पायरी चढली नाही. तिचा नवरा लाइल बिअर तिथलीच आणायचा, पण पिशवी बदलून.

तिने उभा जन्म शाळेची बस चालवली. केंडल हे सफरचंदांच्या बागांचं गाव. पोरं लांबलांबच्या मळ्यांतून यायची. वळणावळणाचा रस्ता, त्यात सकाळी पोटात नुसतं दूध. रोज कुणीतरी ओकायचंच. वेल्डा बस कडेला घ्यायची, बादली आणि फडकं काढायची, पुसायची, पोराचं तोंड धुवायची आणि पुन्हा गाडी सुरू. घाणीचं तिला कधी काही वाटलं नाही. घाण पुसली की जाते, असं ती म्हणायची. माणसाच्या लबाडीला मात्र तिच्याकडे फडकं नव्हतं.

वेल्डा आणि लाइलचं घर ऑर्चर्ड रस्त्याला लागून असलेल्या ट्रेलरांच्या वस्तीत होतं. नावाला चाकांवरची घरं. कारखान्यातून ट्रकमागे बांधून एकदा आणायची, सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवायची, चाकं काढून टाकायची. मग त्या घराने हलायचं नाव घ्यायचं नाही. घर आपलं, खालची जमीन मालकाची. मालक दूर अ‍ॅरिझोनात उन्हं खात बसलेला आणि जमिनीचं भाडं महिन्याच्या महिन्याला त्याच्याकडे. वस्तीत घरांच्या दोन ओळी. रस्त्यालगतच्या ओळीत वेल्डा, तिच्या शेजारी म्हातारा एमेट गॉस. वेल्डाच्या पाठीमागच्या घरात चायो बान्युएलोस, तिच्या दोन मुली, आणि लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा, महिन्यातून चार दिवस घरी दिसणारा तिचा नवरा. चायो फळांच्या गोदामात चेरी निवडायची. वेल्डाला मान देऊन ‘दोन्या वेल्डा’ म्हणायची, आणि मान दिल्यावर वाट्टेल ते सुनवायची.

लाइलने घराला लाकडी ओसरी बांधली होती, छप्पर घालून. त्याच ओसरीत एका दुपारी बूट काढून बसल्याजागी तो गेला. वेल्डा रडली ती न्हाणीघरात, नळ सोडून. मग बाहेर येऊन तिने त्याचे बूट पुसले आणि आत नेले.

लाइलला जाऊन काही वर्षं झाली आणि गावाबाहेर एक भलंमोठं दुकान उघडलं. तिथे जाणाऱ्या गाड्यांची ऑर्चर्ड रस्त्यावर रांग लागू लागली. नगरपालिकेने ठरवलं, रस्ता पाच पदरी करायचा. रुंदी घ्यायची कुठून? समोरच्या बाजूला बँक, दाताचा दवाखाना आणि चर्च. या बाजूला ट्रेलर. विचार करायला कुणाला वेळ लागला नाही.

शाळेच्या खेळघरात सभा भरली. दाराशी टेबलावर लिंबाच्या वड्या, कॉफी आणि प्रत्येकाच्या छातीवर चिकटवायला नावाची चिठ्ठी. पुनर्वसनाचं काम पाहणारा अधिकारी उभा राहिला. नाव ब्रेंट ओस्टरमन. दात पांढरेशुभ्र, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वळवलेल्या, आपण कामाचा माणूस आहोत हे दिसावं म्हणून.

“समोर मिसेस रकमन बसल्यात,” तो म्हणाला. “यांच्याच बसमधून मी शाळेत जायचो. म्हणून सांगतो, माझ्यासाठी तुम्ही लोक परके नाही. तुम्ही माझी माणसं आहात. तुम्हा प्रत्येकाला नीटनेटकं, सुरक्षित आणि स्वच्छ घर मिळेल. हा माझा शब्द.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेल्डाने नाही.

“काय झालं?” चायोने कानात विचारलं. “तुमच्या बसमधलं पोरगं ना ते?”

“हो. रोज ओकायचं.”

“मग?”

“तेव्हा आवडायचा मला. ओकून झालं की आपणहून सांगायचा.” वेल्डाने छातीवरची चिठ्ठी ओढून काढली. “आता बघ, गिळून हसतोय.”

आणखी एक गोष्ट त्या सभेत कळली. रस्ता फक्त पहिली ओळ खाणार होता. म्हणून घरं, मदत, हमाल, सगळं पहिल्या ओळीला. मागच्या ओळीचं काय, असं चायोने उठून विचारलं. ब्रेंटने डोकं कलतं केलं, चेहरा दुःखी केला. “तुमचं तर काहीच जात नाही, मॅडम. उलट तुम्हाला आता थेट रस्ता मिळेल.”

“थेट रस्ता,” चायो खाली बसत पुटपुटली. “माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत.”

पुढच्या आठवड्यात भरपाई ठरवण्यासाठी पहिल्या ओळीतली घरं तपासायला एक माणूस आला. वेल्डाने सकाळपासून घासून-पुसून घर लखलखीत केलं होतं, कॉफी ठेवली होती. तो माणूस ओसरीत वाकला आणि बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवू लागला.

“राहू द्या हो,” वेल्डा म्हणाली, “सतरंजी जुनीच आहे. खराब झाली तरी चालेल.”

“सतरंजीसाठी नाही, मॅडम,” तो खाली बघतच म्हणाला. “आम्हाला तसे नियम आहेत. अशा घरांत जाताना.”

मग त्याने हातमोजेही घातले. कपाटं उघडली, नळाखाली बॅटरी मारली, पलंगाखाली डोकावला. कॉफीला नको म्हणाला. जाताना पायातल्या पिशव्या काढून त्याने ओसरीच्या कठड्यावर ठेवल्या, चिमटीत धरून, मेलेला उंदीर ठेवावा तशा. वेल्डा बराच वेळ त्या पिशव्यांकडे बघत उभी राहिली. मग त्याच्यासाठी ठेवलेली कॉफी तिने ओतून दिली. काही दिवसांनी शेरा आला: घर स्वच्छतेच्या दर्जात बसत नाही.

एमेट गॉसलाही तोच शेरा. पण एमेटचं वेगळंच चाललं होतं. ऐंशी ओलांडलेला, कानाने अधू, हट्टाने लोखंड. बायको नदीन गेल्यावरही त्याने तिचं कपाट जसंच्या तसं ठेवलं होतं.

“मला नवं घर नको,” तो सगळ्यांना सांगायचा. “माझं घर घेऊन जा. चाकांवर आलंय, चाकांवर जाईल.”

“अरे एमेट, तुझं घर आता डिंकाने उभं आहे,” वेल्डा म्हणायची. “आणि नेणार कुठे? इतकं जुनं घर कुठली वस्ती आत घेईल?”

“ब्रेंट म्हणालाय, बघू.”

ब्रेंट ‘बघू’ म्हणाला कारण हलवलेलं एक घर त्याला दाखवायला हवं होतं. कालव्यापलीकडे नगरपालिकेने दोन-चार जागा घेतल्या होत्या. तिथे एखादं घर थाटात नेऊन ठेवलं की छान दिसलं असतं. एका सकाळी ट्रक आला. माणसांनी एमेटचं घर उचललं, खाली चाकं बसवली. वर्तमानपत्रवाला आला. ब्रेंटने एमेटच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. एमेटने त्यासाठी लग्नातला कोट घातला होता.

ट्रक निघाला. घर अंगणातून रस्त्यावर आलं, वळलं, आणि मधोमध वाकलं. आधी कुरकुर, मग फांदी मोडावी तसा आवाज. भिंत उकलली. भर रस्त्यात एमेटचं न्हाणीघर उघडं पडलं, शेजारी नदीनचं कपाट, आणि कपाटातून तिचे रात्रीचे झगे एकेक करून डांबरावर घसरले.

दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या. हॉर्न वाजू लागले. काहींनी काचा खाली करून फोन बाहेर काढले आणि चित्रण सुरू केलं. एका गाडीतून कुणीतरी ओरडलं, “आजोबा, संडासचं दार लावा!” आणि गाडीभर हसू फुटलं. एमेट कोटाची बटणं चाचपत उभा होता. ब्रेंट पाठ वळवून फोनवर बोलत होता.

वेल्डा धावत आत गेली, पलंगावरच्या चादरी ओढून आणल्या. “चायो! तुझ्याही आण!” दोघींनी त्या मोडक्या भिंतीवर चादरी टाकल्या, कोपरे छपराच्या पत्र्यात खोचले. मग वेल्डा गुडघ्यांवर बसून नदीनचे झगे गोळा करू लागली. कुणाच्या तरी गाडीचं चाक एकावर आलं होतं. तिने काचेवर थाप मारली.

“मागे घे.”

“बाई, मला उशीर होतोय, तुम्ही जरा—”

“माझ्या मैत्रिणीच्या कपड्यावर उभा आहेस तू. मागे घे गाडी, नाहीतर तुझ्या काचेवर थुंकेन.”

त्याने गाडी मागे घेतली.

एमेट त्यानंतर मुलीकडे दोन तासांवरच्या शहरात गेला. जाताना त्याने वेल्डाला विचारलं, “वर्तमानपत्रात फोटो आला का गं?” आला होता. खाली लिहिलं होतं की एका जुन्या रहिवाशाचा नव्या आयुष्याकडे आनंदी प्रवास. वेल्डाने सांगितलं, “नाही आला.”

पहिली ओळ रिकामी होऊ लागली. आज गेलेल्या घराचे पत्रे उद्या सकाळी गायब व्हायचे, तांब्याच्या तारा भिंतीतून उपसलेल्या. चोर बाहेरचे नव्हते. कोपऱ्यावरचा माणूस, ज्याच्या आजारपणात वेल्डा सूप घेऊन गेली होती, तोच अंगणात परत ओढून टाकलेल्या एमेटच्या मोडक्या घराच्या मागच्या दाराची कडी काढताना तिला दिसला. “नाहीतरी बुलडोझरच खाणार ना,” तो ओशाळून म्हणाला. वेल्डा वाट सोडून चिखलातून गेली, पण त्याच्या जवळून गेली नाही.

वेल्डाला राहायला म्हणून दाखवलेल्या जागाही शिसारी आणणाऱ्याच. पहिली म्हणजे बंद पडलेलं मोटेल, त्याच्या खोल्या घरं म्हणून भाड्याने द्यायला काढलेल्या. खाली गालिचा, आणि त्या गालिच्याला मांजराच्या मुताचा असा वास की डोळ्यांतून पाणी यावं. खिडकी रंगाने चिकटून बसलेली.

“हे दर्जात बसतं?” वेल्डाने विचारलं.

“अगदी,” ब्रेंट म्हणाला. तो तोंडाने श्वास घेत होता, हे तिच्या लक्षात आलं. “सगळ्या कसोट्या पार केल्यात.”

“नाकाने श्वास घे, ब्रेंट.”

“मिसेस रकमन, प्लीज—”

“एकदा घे. मग मी सही करते.”

त्याने घेतला नाही. तिने सही केली नाही. दुसरी जागा टायरच्या दुकानावर, तिसरी पार शेजारच्या तालुक्यात. वेल्डा तिन्हींना नाही म्हणाली, आणि पहिल्या ओळीत तेवढं एकच घर उभं राहिलं, दोन्ही बाजूंना खड्डे.

त्या खड्ड्यांतूनच पुढचं सगळं सुरू झालं. खोदणाऱ्यांच्या यंत्राने एके दिवशी मागच्या ओळीची सांडपाण्याची मुख्य वाहिनी तोडली. वाहिनी पहिल्या ओळीखालून जाते हे नकाशात होतं की नव्हतं, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्यांनी वर माती लोटली आणि जेवायला निघून गेले. वेल्डाच्या घराची वाहिनी रस्त्याच्या बाजूने वेगळी होती, तिला काही कळलं नाही. संध्याकाळी चायो तिच्या दाराशी आली. कोपरापर्यंत हात ओले, चेहरा पांढरा.

“दोन्या वेल्डा, माझ्या टबात... वरती येतंय.”

“काय येतंय?”

“सगळ्यांचं. सगळ्या ओळीचं.”

वेल्डाने जाऊन पाहिलं. टब अर्धा भरला होता आणि हळूहळू चढत होता. धाकटी मुलगी दारात नाक दाबून उभी होती. मोठी म्हणाली, “आई, उद्या माझा वाढदिवस आहे, मैत्रिणी येणार आहेत.”

चायोने नगरपालिकेला फोन केला. ती खाजगी वाहिनी आहे, मालकाला सांगा. मालकाला फोन केला. अ‍ॅरिझोनातलं यंत्र म्हणालं, संदेश ठेवा. ठेकेदार म्हणाला, आमच्या कागदावर तिथे वाहिनीच नाही, मग आम्ही तोडणार कशी? ब्रेंट म्हणाला, मला फार वाईट वाटतं, पण मागची ओळ प्रकल्पात येत नाही.

आठवडा गेला. मागच्या ओळीतली सगळी कुटुंबं वेल्डाच्या न्हाणीघरात आंघोळीला यायची. सकाळी ओसरीत रांग, खांद्यावर टॉवेल, हातात साबण. माणसं शरमेने हळू बोलायची. उन्हं चढली की वस्तीवर वास बसायचा. समोरच्या दातांच्या दवाखान्यातून तक्रार गेली, की ट्रेलरवाले घाण करतात.

ही तक्रार चायोनेच येऊन सांगितली. वेल्डा भांडी घासत होती. तिने हातातली ताटली ठेवली, हात पुसले, आणि लाइलच्या जुन्या सामानातून रंगाची रिकामी बादली काढली, घट्ट झाकणाची.

“हे काय करताय?”

“आज नगरपालिकेची सभा आहे ना? चल, मला तुझ्या टबाशी ने.”

“दोन्या वेल्डा, नाही हं. अहो, तुम्हाला तुरुंगात टाकतील!”

“तिथे संडास चालू असेल,” वेल्डा म्हणाली.

सभागृहात तशीच लिंबाच्या वड्यांची ताटं होती. लोकांना बोलायची वेळ आली. वेल्डा चर्चला जातानाचा निळा झगा घालून, बादली घेऊन पुढे गेली. चायो मागे दोन पावलं, ओठांवर जपमाळेतली प्रार्थना. वेल्डाने बादली सदस्यांच्या लांबलचक टेबलावर ठेवली, बरोबर वड्यांच्या ताटाशेजारी.

“मी वेल्डा रकमन,” ती म्हणाली. “तुमच्या माणसाने माझ्या घरात पायात पिशव्या घालून पाय ठेवला. माझं घर घाण आहे असं तुम्ही लिहिलंत. मला फक्त विचारायचंय, हे कशात बसतं?”

आणि तिने झाकण काढलं.

अध्यक्ष खुर्चीसकट मागे सरकले. एका बाईंनी रुमाल शोधता शोधता पाण्याचा पेला पाडला. मागून कुणीतरी खरोखरच ओकलं. ब्रेंट भिंतीला टेकून उभा होता, हिरवा पडलेला.

“हे आहे चायो बान्युएलोसच्या टबात,” वेल्डा आवाज न चढवता बोलत राहिली. “तिच्या मुलीचा वाढदिवस याच्यातच झाला. तुमच्या यंत्राने वाहिनी तोडली आणि तुम्ही तिला सांगितलंत, तू आमच्यात येत नाहीस. तिच्या घरात सात दिवस आहे हे. तुम्हाला सात मिनिटंही सहन होत नाहीये.”

पोलीस आला. तरुण होता, बिचाऱ्याने दंडाला हात लावायच्या आधी विचारलं, “मॅडम, येता ना बाहेर?”

“येते की. बादली तू घे. मी म्हातारी आहे, मला जड होते.”

त्याने घेतली.

गुन्हा वगैरे झाला नाही. खटला भरला असता तर बादली पुन्हा चर्चेत आली असती. दुसऱ्याच दिवशी वाहिनी दुरुस्त झाली. महिन्याभरात मागची ओळही प्रकल्पात धरली गेली, म्हणजे त्यांनाही घरं आणि मदत. लोकांनी वेल्डाच्या दारात केक आणून ठेवले. चायोने तिला मिठी मारली. वेल्डा आखडून उभी राहिली.

“हसा की जरा,” चायो म्हणाली. “जिंकलात तुम्ही.”

“कसलं जिंकले? त्यांना लाज वाटली म्हणून नाही केलं त्यांनी. नाकाला झोंबलं म्हणून केलं. उद्या वास उडाला की विसरतील.”

तिचं म्हणणं फारसं खोटं ठरलं नाही. घरं मिळाली, पण गावाच्या चार दिशांना. चायोला कालव्यापलीकडे मिळालं, गोदामापासून लांब, दोन बस बदलून. वेल्डाने शेवटी त्याच बाजूला दुसऱ्या एका वस्तीत नवं, पांढरं घर घेतलं. तिथे ओसरी बांधायला मनाई, कुंड्या बाहेर ठेवायला मनाई, दोरीवर कपडे वाळत घालायला मनाई. शेजारीण पहिल्याच दिवशी गोड हसून म्हणाली, “तुम्ही त्या ऑर्चर्ड रस्त्यावरच्या ना? इथे जरा स्वच्छ असतं हं सगळं.” वेल्डा त्या बाईशी पुन्हा बोलली नाही.

पुढच्या वसंतात रस्त्याच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं. ‘आमच्या जुन्या शेजाऱ्यांना’ असं वर छापलेलं. वेल्डा ते केराच्या टोपलीत टाकणार होती, पण एमेटचा फोन आला. त्याला बघायचं होतं. मुलीने त्याला आणून सोडलं, वेल्डाने गाडी काढली, चायोही बसली.

तंबू, फुगे, बँडवाली पोरं. मंचावर ब्रेंट, बाह्या वळवलेल्या. पाच पदर काळे कुळकुळीत. वेल्डाने बँकेसमोर गाडी हळू केली.

“इथे माझं घर होतं,” एमेट म्हणाला.

“छे, आजोबा, पुढे,” चायो म्हणाली. “तो खांब बघा. खांबापाशी दोन्या वेल्डांची ओसरी होती.”

“खांब नवा आहे,” वेल्डा म्हणाली. तिने दवाखान्याकडून अंदाज घेतला, चर्चकडून घेतला. जुळेना. ओसरी डावीकडे वळणाऱ्या पदराखाली होती की मधल्या, काही केल्या ठरेना. लाइल बसायचा ती जागा तिला सापडत नव्हती. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

“नदीनसाठी मोगऱ्यासारखं काहीतरी लावलं होतं मी, पायरीशी,” एमेट म्हणाला, आणि काच खाली करून रस्त्याकडे बघत बसला.

मंचावर भाषण सुरू झालं. ब्रेंट सांगत होता, की हा रस्ता सगळ्यांना जवळ आणेल. कॅमेरावाला तंबूतून निघून गाड्यांच्या रांगेकडे येऊ लागला, म्हाताऱ्यांचे चेहरे शोधत. मागच्या सीटवर चायोने नाक ओढलं. वेल्डाने आरशात पाहिलं.

“रडू नकोस इथे,” ती म्हणाली. “घरी जाऊन रड. ह्यांना फोटो मिळेल.”

तिने गाडीच्या काचा वर घेतल्या आणि चायोच्या घराकडे गाडी वळवली.